मागचं दाखवणारी काच

टीव्ही फुटला तो शिवणवालीच्या डोक्याऐवजी. इस्त्री निघाली होती डोक्यासाठीच, आणि इस्त्री म्हणजे आजकालची हलकी प्लास्टिकची नव्हे, चांगली बिडाची, उचलताना मनगट भरून यावं अशी. शिवणवाली मशीनवर कुणाच्या तरी पॅंटची उंची कमी करत बसली होती. पाठ सोफ्याकडे, तोंड टीव्हीकडे. सोफ्यावर तिचा नवरा, म्हणजे फोरमन. कारखान्यात त्याला सगळे फोरमन म्हणत, गल्लीत फोरमन म्हणत, आणि आता घरातही त्याचं दुसरं नाव कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. मॅचमध्ये त्याचा संघ हरला आणि नेमकी तेव्हाच हिची मशीन खडखडली. एवढं कारण त्याला पुरे. तो उठला, टेबलावरची इस्त्री उचलली आणि फेकली. शिवणवालीने सुई पडल्यासारखं करून डोकं खाली घातलं, आणि इस्त्री तिच्या केसांवरून थेट टीव्हीत गेली.

धाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या, काचा मशीनवर, पॅंटवर, तिच्या मानेवर पडल्या. फोरमन क्षणभर आ वासून बघत राहिला. मग ओरडला,

"वाकायची काय गरज होती गं तुला? फोडलास ना टीव्ही!"

आता अशा माणसाला काय म्हणावं? चोर तो चोर, वर शिरजोर. टीव्ही हिने फोडला म्हणून त्याने इस्त्रीची वायर ओढून काढली आणि पाठीवर, दंडावर, मानेवर वायरीचे फटके ओढले. डोकं वाचलं, पाठ गेली. पलीकडे खाटेवर बसलेली सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसली. तिने काही बघितलं नाही असं नाही. पण त्या घरात मध्ये पडणाऱ्याला दुप्पट मिळायचं, आणि ते तिच्या हाडांना ठाऊक होतं.

दमल्यावर फोरमन सोफ्यावर टेकला आणि धापा टाकत म्हणाला, "त्या दिवशी तांब्या फेकला, वाकलीस. मागे स्टूल फेकलं, सरकलीस. आणि आज ही इस्त्री. तुला काय पाठीला डोळे फुटलेत?"

"सुई पडली होती," शिवणवाली म्हणाली.

"दर वेळी बरी सुई पडते तुझी!"

ती मानेत रुतलेली काच नखाने काढत बसली.

पाठीला डोळे नव्हते. समोर काच होती. जुना प्लाझ्मा टीव्ही, पुढे चांगली जाड, चकचकीत काच. बंद असला की त्यात सगळी खोली दिसायची: सोफा, टेबल, दार, आणि सोफ्यावरचा माणूस. चालू असला तरी रात्रीचा प्रसंग आला, पडदा काळा झाला की दिसायचा. अगदी उजळ चित्र असलं तरी भोवतीच्या काळ्या चौकटीत हालचाल कळायची. शिवणवालीने त्या टीव्हीवर एक मालिका धड बघितली नसेल, पण नवरा मात्र रोज बघितला. आधी त्याचा उजवा खांदा वर जातो, मग डावा हात गुडघ्यावर येतो, मग तो उठतो. खांदा गेला की तिने दोरा तोडायचा, गुडघ्यावर हात आला की पाय पेडलवरून काढायचा. उठला की वाकायचं.

हे शहाणपण सासूबाईचं. सासूबाईचा डावा कान सासऱ्यांच्या एका थपडेत कायमचा गेला होता. त्यानंतर ती काचेच्या दाराच्या कपाटाकडे तोंड करून बसायला शिकली, म्हणून उजवा शाबूत राहिला. सून घरात आली, चार महिने मार खाल्ला, माहेरी पळाली. भावाने जेवू घातलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून सोडली. तेव्हा एका दुपारी म्हातारीने एकटीने जोर लावून शिलाई मशीन खिडकीपासून ओढली आणि टीव्हीपुढे आणली.

"इथे बसत जा."

"आई, इथे उजेड कुठे आहे?"

"उजेड घालशील चुलीत! काचेत बघ जरा."

शिवणवालीने बघितलं. काचेत तिच्या मागे सासूबाई उभी होती, आणि तिने हात वर उचलला होता. एवढंच. टीव्ही फुटेपर्यंत त्या दोघींमध्ये या विषयावर पुन्हा शब्द झाला नाही.

फोरमनची एक गंमत होती. गंमत कसली, नीचपणाच. तो समोरून कधी मारत नसे. समोर आला की आवाज साखरेसारखा. समोरून मारायचं तर समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागतं, आणि तेवढी छाती त्याच्यापाशी नव्हती. कारखान्यातही म्हणे तो माणसांच्या मागून फिरायचा आणि मानेजवळ येऊन ओरडायचा. त्याची सगळी मर्दुमकी लोकांच्या पाठीवर.

तर टीव्ही फुटला, आणि नवा घ्यायचं ठरलं. मोठा घ्यायचा, भिंतभर. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघं निघाली. शिवणवालीच्या मानेवरचे वळ अजून हिरवे होते, तिने रुमाल गुंडाळला होता. दाराशी सासूबाईने तिचं कोपर घट्ट धरलं.

"काच बघून घे गं."

"आई, टीव्ही आणायला चाललोय, आरसा नाही," फोरमन हसला. त्याला वाटलं म्हातारीला भ्रम झाला.

दुकान म्हणजे काय सांगावं! एका भिंतीवर वरपासून खालपर्यंत टीव्हीच टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच पोपट. सगळे पोपट एकदम मान वळवत होते. गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता लगबगीने पुढे आला. सकाळपासून गिऱ्हाईक मिळालं नसावं, कारण तो नळ सोडल्यासारखा बोलायला लागला.

"या साहेब, या ताई. आधी मला सांगा, खोली केवढी? उजेड किती? बघणार काय? कारण टीव्ही इंचांवर घ्यायचा नसतो, पडद्यावर घ्यायचा असतो. हा बघा साधा एलईडी. याच्या पोटात मागून दिवे लावलेले असतात, पुढे रंगाचा पडदा. दिवा जळतच असतो, त्यामुळे काळा रंग काही पूर्ण काळा होत नाही, राखाडी राहतो. हा क्यूएलईडी, त्याच दिव्यांपुढे एक खास थर, रंग भडक. हा मिनी एलईडी, याच्यात दिवे बारीक आणि भरपूर. चित्रात जिथे अंधार तिथले दिवे मंद करतो. उजेडाच्या खोलीत याला तोड नाही. आणि हा आपला राजा, ओएलईडी. याला मागे दिवाच नाही! प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, स्वतःच विझतो. काळं म्हणजे कसं, टीव्ही बंद आहे असं वाटेल."

"मॅच कशावर चांगली दिसेल ते बोला," फोरमन म्हणाला.

"मॅच म्हणाल तर..."

"यावर अंधाराचं काही दाखवता का?" शिवणवाली म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. ती सहसा दुकानात बोलत नसे. विक्रेत्याला मात्र आनंद झाला.

"वा ताई! याला म्हणतात पारख. पोपट तर कुणालाही आवडतो, टीव्हीची परीक्षा अंधारात होते!"

त्याने पोपट घालवला आणि रात्रीच्या आकाशाचं चित्र लावलं. सगळी भिंत काळी झाली. शिवणवाली एकेका टीव्हीपुढे जाऊन चक्क खाली बसली, मशीनवर बसते तेवढ्या उंचीवर, पाठ दुकानाकडे करून. विक्रेत्याला वाटलं, बाई फारच चोखंदळ आहे. पहिल्यात तिला फोरमन दिसला, पण नुसता डाग. दुसऱ्यात छताचे दिवे दिसत होते, माणूस नाही. तिसरा मिनी एलईडी, त्यावर खरखरीत पोत दिलेला. त्यात काहीच नव्हतं. धुकं.

मग ती ओएलईडीपुढे बसली. अन् काय सांगू, त्या काळ्या आकाशात सगळं दुकान उभं होतं! छतावरचे पंखे, बिलाचं टेबल, टायवाला, आणि त्याच्या शेजारी फोरमन, शर्टाच्या बटणांसकट. त्याचा उजवा खांदा खाली होता. जुन्या काचेतही इतका स्वच्छ तो कधी दिसला नव्हता. तिला रडू आलं, हे खरं आहे, आणि ते तिने रुमालात पुसलं.

आता प्रश्न होता तो त्याच्या गळी उतरवण्याचा. हे तिला जमत होतं. फोरमनला एखादी गोष्ट करायला लावायची तर तिच्या उलट बोलायचं. ती उठली आणि मिनी एलईडीकडे बोट दाखवून म्हणाली, "मला बाई हा आवडला. याच्यात आजूबाजूचं काही दिसत नाही. खिडकीचा उजेड येणार नाही."

"ताई बरोबर बोलतायत," विक्रेता म्हणाला. "ओएलईडीचा पडदा गुळगुळीत आहे, खोलीचं प्रतिबिंब पडतं. शिवाय एकच चॅनल रोज लावलं तर त्याचं चिन्ह कायमचं उमटून राहायची थोडी भीती असते. उजेडाच्या खोलीला मॅट, म्हणजे खरखरीत पडदाच..."

"तिला काय कळतंय?" फोरमन गरजला. "आयुष्यभर पॅंटी उलट्या करणारी बाई, ती आता मला टीव्ही शिकवणार? तो राजा म्हणालात ना, तोच बांधा. काळा म्हणजे काळा पाहिजे."

शिवणवालीने मान खाली घातली, हिरमुसल्यासारखी. आतून तिचं काळीज उड्या मारत होतं. विक्रेता बिल करायला वळला. आणि ती, काम झालं म्हणून तिथून निघायचं सोडून, पुन्हा एकदा त्या टीव्हीपुढे जाऊन बसली. हावरटपणा नव्हता हो तो. बऱ्याच काळाने तिला जिवाची खात्री वाटत होती, ती जरा डोळे भरून बघत होती.

"ताई, थांबा, तुम्हाला याचे रंग पण दाखवतो," म्हणत विक्रेता मागून आला आणि रिमोट तिच्या डोक्यावरून पडद्याकडे धरायला त्याने हात वर केला.

काळ्या काचेत मागून एक हात वर गेला.

शिवणवाली वाकली. वाकली म्हणजे फरशीला कपाळ टेकवलं, दोन्ही तळवे डोक्यावर, कोपरं कानांवर, आणि तशीच राहिली. रुमाल सुटला. मानेवरचे वळ दिव्याखाली उघडे पडले.

"अहो ताई! काय झालं? रिमोट आहे हा..." विक्रेता घाबरून दोन पावलं मागे झाला.

फोरमन हलला नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. पडद्यात विक्रेता होता, रिमोट होता, आणि तो स्वतः होता. त्याने सावकाश आपला उजवा हात वर केला. पडद्यातल्या फोरमनने केला. त्याने बोटं हलवली. पडद्यात बोटं हलली. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"अस्सं," तो म्हणाला. "अस्सं होय."

शिवणवालीने फरशीवरूनच ते ऐकलं, आणि तिला समजलं की आपल्याच हाताने आपण आपला घात केला.

"हा नको," फोरमन म्हणाला.

"साहेब, पण तुम्ही आत्ताच..."

"ज्यात मागचं काहीही दिसत नाही, असा कुठला?"

"तो मिनी एलईडी. मॅट. पण..."

"तोच बांधा. आमच्या बाईसाहेबांना आवडलाय."

विक्रेत्याने एकदा तिच्या मानेकडे बघितलं, एकदा फोरमनकडे. त्याला कळलं नसेल असं म्हणवत नाही. पण तो खाली बघून बिल करायला लागला. पोटाला चिमटा घेऊन नोकरी करणारा माणूस, तो कुठे लष्करच्या भाकऱ्या भाजायला जाणार?

टेम्पोत टीव्हीचं खोकं मागे आणि ही दोघं पुढे, ड्रायव्हरशेजारी. फोरमनचा हात सगळा रस्ता तिच्या मानेवर होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेमळ जोडपं! त्याची बोटं वळांवर दाबत होती, जिथे कातडी फुटली होती बरोबर तिथेच. तो शीळ वाजवत होता.

संध्याकाळी माणसं येऊन टीव्ही बसवून गेली. बुटक्या कपाटावर तो असा दिसत होता की खोलीच छोटी झाली. बंद होता तोवर सासूबाई फडकं घेऊन पुढे गेली. पुसलं. समोरून बघितलं, जवळून बघितलं, बाजूने बघितलं.

"यात काहीच दिसत नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली.

"नवी टेक्नॉलॉजी आहे आई. चकाकी नाही," सोफ्यावरून फोरमन म्हणाला. "तू आत जा. तुझ्या खोकल्याने मॅच ऐकू येत नाही."

"मी कुठे खोकले?"

"खोकशील. आत जा."

म्हातारी स्वयंपाकघरात गेली. फोरमनने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला, इतका की पावलं ऐकू येऊ नयेत. मग तो गोड आवाजात म्हणाला, "बस ना तू. तुझं काम कर. तुझ्या जागेवर."

शिवणवाली बसली. समोर हिरवंगार मैदान, लख्ख. मैदानात हजार माणसं दिसत होती, पण तिला हवा होता तो एकच माणूस दिसत नव्हता. चौकटही खरखरीत. कुणाचा तरी पांढरा शर्ट शिवायला घेतला होता, टाका सरळ येईना. ती कान देऊन बसली. लोक ओरडत होते, ढोल वाजत होते. कदाचित तो उठलाय. कदाचित नाही उठला. तिने एकदा खांदे आक्रसले, काही झालं नाही, आणि मागून हसण्याचा आवाज आला. तो मजा बघत होता. मांजर उंदराला खेळवतं तसं. मार परवडला, पण हे वाट बघणं नको, असं तिला झालं. तिने शेवटी मान वळवायचं ठरवलं.

तेवढ्यात केस मुठीत आले. डोकं मागे गेलं, मग पुढे. मशीनचं लोखंड कपाळावर आदळलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा भुवई फाटली आणि रक्ताने डोळा भरला. पांढऱ्या शर्टावर लाल पसरत गेलं.

"आता वाक ना," फोरमन तिच्या कानाशी म्हणाला. "वाक. सुई पडली ना तुझी?"

मग त्याने केस सोडले, हात तिच्याच पाठीला पुसला आणि सोफ्यावर जाऊन मॅच बघायला लागला. मोठ्याने म्हणाला, "चित्र मात्र झकास आहे हं."

स्वयंपाकघरात सासूबाईने तिची भुवई धुतली, हळद दाबली, फडकं बांधलं.

"मरशील तू," ती म्हणाली. "मी जगले, पण माझा नवरा दारू पिऊन लवकर गेला म्हणून. हा तर दारू पण पीत नाही मेला."

शिवणवाली दुखत असून हसली. हसताना भुवई पुन्हा फाटली. ती दाराच्या फटीतून बाहेर बघत होती: सोफा, सोफ्यावरचा माणूस, समोर टीव्ही, आणि मध्ये तिचं स्टूल. तिला स्वतःचाच राग आला, असा की दात करकरले. इतकी वर्षं आपण काचेत का बघत बसलो? माणूस तर इथे मागेच बसला होता.

"आई," ती म्हणाली, "मशीन फिरवू या."

"कुठे?"

"टीव्हीपुढेच. नुसती फिरवू."

दुसऱ्या दिवशी फोरमन कामावर गेल्यावर दोघींनी मशीन फिरवली. म्हातारीने एका बाजूने रेटली, सुनेने दुसऱ्या. फरशीवर ओरखडा उठला तो उठलाच. मशीन पूर्वी जरा कडेला असायची, आता बरोबर टीव्हीच्या मधोमध आली. स्टूल टीव्हीला टेकवलं. कापड बेतायची मोठी कात्री मशीनच्या फळीवर उजव्या हाताला ठेवली.

फोरमन आला तेव्हा मॅच सुरू व्हायला आली होती. त्याने बूट काढले, टीव्ही लावला, सोफ्यावर पसरला. आणि समोर बघतो तर मैदानाच्या मधोमध बायकोचं डोकं, फडकं बांधलेलं, एक डोळा सुजून काळानिळा आणि दुसरा सरळ त्याच्यावर.

"हे काय?"

"उजेड इकडून बरा येतो," शिवणवाली म्हणाली, आणि पेडल मारलं.

"बाजूला हो."

मशीन खडखडत राहिली. हात शिवत होते, डोळा त्याच्यावरून हलला नाही. फोरमनचा उजवा खांदा वर गेला. डावा हात गुडघ्यावर आला. काचेत बघून पाठ झालेलं सगळं आता उघड्या खोलीत घडत होतं. तो उठला, आणि सवयीप्रमाणे तिच्या मागे जायला निघाला. मागे जागाच नव्हती. मागे टीव्ही होता. तो एका बाजूने आला, तिने स्टूलवर वळून त्याच्याकडे तोंड केलं. दुसऱ्या बाजूने आला, पुन्हा तेच. शेवटी तो समोर उभा राहिला, मान वेळावून, तिच्या डोळ्याकडे बघायचं टाळत, आणि हात तिच्या केसांकडे नेला.

शिवणवालीने कात्री उचलली आणि त्या तळव्यात घातली. जाड कापडाचे चार थर कापणारी ती कात्री. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत कातडी उसवली. फोरमन किंचाळला. रक्त त्याच्या शर्टावर, मशीनवर, फरशीवर धारेने पडलं. तो हात पोटाशी धरून सोफ्यापर्यंत मागे गेला, आणि त्याच्या तोंडावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं.

"मला मारलंस? नवऱ्याला?"

"समोरून मारलं तिने," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाली. "तुझ्यासारखं नाही."

त्याला वेड लागलं. डाव्या हाताने त्याने टेबलावरची इस्त्री उचलली, तीच, बिडाची, आणि डोक्यावर नेली. शिवीगाळ करत होता, ती इथे लिहिण्यासारखी नाही. शिवणवाली स्टूलवर ताठ बसली. भीती वाटत होती, भयंकर वाटत होती. पण सगळं समोर दिसत होतं.

"मारा," ती म्हणाली. "मी वाकणार आहे."

फोरमनची नजर तिच्या डोक्यावर गेली. डोक्यामागे मैदान होतं. हिरवंगार, लख्ख, भिंतभर, कालच आणलेलं. इस्त्री हवेत तशीच राहिली.

तेवढ्यात सासूबाई आपला बसायचा लाकडी पाट घेऊन आली आणि सुनेला म्हणाली, "सरक जरा." सून सरकली. म्हातारी टेकत टेकत तिच्या शेजारी बसली, पाठ टीव्हीकडे, तोंड लेकाकडे.

"ही वाकेल," ती म्हणाली. "माझ्याच्याने काही वाकवत नाही बाबा, कंबर धरलीय. मला लागेल. बघ, जमतंय का."

मागे लोक ओरडले, काहीतरी मोठं घडलं असावं. दोघींपैकी एकीनेही वळून बघितलं नाही. फोरमनचा हात खाली आला. आधी कोपर, मग मनगट, मग इस्त्री टेबलावर टेकली. तो सोफ्यावर बसला. हातातून रक्त ठिबकत होतं. त्याने मान इकडे केली, तिकडे केली, मग रडवेल्या आवाजात म्हणाला,

"बाजूला व्हा ना. मला काही दिसत नाही."

"आम्हाला दिसतंय," म्हातारी म्हणाली.

शिवणवालीने कात्री पुसून उजव्या हाताला ठेवली आणि पेडलवर पाय ठेवला.